साळिंदरांचं बिऱ्हाड, भाग दुसरा

“परत,” काचेपलीकडून रेगेकाका म्हणाले.

मी परत म्हटलं, आणि आधीपेक्षा वाईट म्हटलं. समोरच्या पडद्यावर टाचणी नावाची साळिंदराची पोर विमानाच्या खिडकीला नाक चिकटवून आनंदाने किंचाळत होती आणि मी तिला आवाज दिला होता रेशनच्या रांगेत ताटकळलेल्या बाईचा.

“परत. जुई, अगं ती पहिल्यांदा विमानात बसलीये. जरा हरखून जा की!”

“मला एकटीला नाही जमत.”

“मागच्या सिनेमात जमलं होतं.”

“मागच्या सिनेमात मी एकटी नव्हते,” मी म्हटलं आणि हेडफोन काढून ठेवला.

रेगेकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. ते असं करायचे तेव्हा ओळखावं, की चिडायचं की हसायचं ते अजून ठरत नाहीये. मी माइकच्या स्टँडभोवती फेऱ्या मारत राहिले. त्या दिवसांत माझा पाय एका जागी ठरतच नसे. जेवताना उठायचे, अभ्यासाला बसले की पाणी प्यायला जायचे, पाणी पिताना पंखा बंद केला का ते बघायला जायचे. आई म्हणायची, अंगात वारं शिरलंय कार्टीच्या. तेरा वर्षांची होते, आणि मला काय हवंय ते मला पक्कं ठाऊक होतं. आई आणि बाबा या एवढ्याशा काचेच्या खोलीत, एका माइकसमोर, माझ्या दोन बाजूंना हवे होते. तसं झालं की बाबा घरी परत येणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बाकी ती टाचणी विमानात बसो नाहीतर बैलगाडीत, मला डोंबलाचं देणंघेणं नव्हतं.

हे बिऱ्हाड मुळात आलं कुठून, ते आधी सांगते.

माझे आई-बाबा दोघंही नाटकवाले. हेमंत दिघे आणि नीलाक्षी दिघे. प्रयोग नसतील त्या दिवसांत पुण्यातच रेगेकाकांच्या स्टुडिओत डबिंग करायचे. मी सात वर्षांची असताना रेगेकाकांकडे एक परदेशी कार्टून सिनेमा मराठीत करायला आला. त्याचं ‘साळिंदरांचं बिऱ्हाड’ असं बारसं काकांनीच केलं. गोष्ट एवढीशी. जंगलातून रस्ता जातो, साळिंदरांचं बीळ मोडतं, मग नवरा-बायको आणि पोर नवं बीळ शोधत हिंडतात. नवऱ्याचं नाव काटेसाहेब, बायको सुईबाई आणि पोरगी टाचणी. काकांचं डोकं असल्या गोष्टीत फार चालायचं.

आता डबिंगमधला रिवाज असा, की ज्याने त्याने आपापल्या वेळी यायचं, आपली वाक्यं बोलायची आणि घरी जायचं. पडद्यावर गळ्यात गळे घालणारी माणसं स्टुडिओच्या जिन्यातसुद्धा भेटत नाहीत एकमेकांना. पण मी आईला सोडून तोंड उघडेना. आई म्हणाली, हेमंतने समोर उभं राहून वेडीवाकडी तोंडं केली तरच ही मोकळी हसते. रेगेकाकांनी कपाळाला हात लावला आणि तिघांना एकत्रच कोंबलं आत. मला मध्ये स्टुलावर उभं केलं. आणि मग जी काय धमाल झाली! बाबा आईच्या वाक्यावर चढून बोलायचा. आई खरोखरची भडकायची, “अरे, मला बोलू देशील का जरा?” आणि सुईबाईचे ओठ नेमके तेवढेच हलत असायचे, त्यामुळे काका ते तसंच ठेवून द्यायचे.

शेवटाजवळ एक प्रसंग होता. नवं बीळ, काळाकुट्ट अंधार, पडद्यावर नुसते डोळे चमकताहेत. मूळ सिनेमात तिथे कुणीच काही बोलत नाही. पण ओठ दिसत नाहीत म्हटल्यावर काहीही बोलायची सोय झाली, आणि अशी सोय असताना आमचा बाबा गप्प बसतोय होय! त्याने आपल्या मनानेच सुरू केलं.

“टोचतंय का गं?”

आई तशी तयारीची. “टोचतंय तर!”

“मग ठीक. म्हणजे जवळ आहेस.”

आणि मी दोघांच्या मध्ये चेंगरलेली. एकीकडून बाबाच्या खिशातलं पेन, दुसरीकडून आईच्या पदराची पिन. वैतागून ओरडले, “आणि मला दोन्हीकडून टोचतंय!”

रेगेकाका इतके हसले की खुर्चीसकट मागे गेले. ते सगळं सिनेमात राहिलं आणि लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. मग जिथे म्हणून माणसं दाटीने बसतील, पंगतीत म्हणा, सहलीच्या बसमध्ये म्हणा, तिथे कुणीतरी म्हणायचंच, “मला दोन्हीकडून टोचतंय!” आजही एखादी जुनी वर्गमैत्रीण फोन करते ती “काय गं टाचणे” म्हणूनच. आणि घरात तर ते आमचं खास झालं. तिघं एका गादीवर आडवे पडलो की बाबा विचारायचा, आई उत्तर द्यायची, मी ओरडायचे, आणि मग दिवा बंद.

दुसरा भाग यायला सहा वर्षं लागली. त्यातल्या शेवटच्या दीड-दोन वर्षांत बाबा सहकारनगरला एका मित्राच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये राहायला गेला होता. मला सांगितलं होतं की दौरे फार वाढलेत, वेळी-अवेळी येणं-जाणं, आईची झोपमोड कशाला. मी काही दुधखुळी नव्हते. पण सांगितलंय ते मानून चालले की बरं वाटायचं. शिवाय घरातली भांडणं बाबा जायच्या कितीतरी आधीपासून थांबली होती. आधी काय आवाज असायचा आमच्या घरात! गॅसचा नंबर कुणी लावायचा इथपासून संवाद कसा म्हणायचा इथपर्यंत कशावरूनही जुंपायची आणि संध्याकाळी दोघं एकाच वाटीतून चिवडा खात बसलेले असायचे. आता सगळं शांत. मला वाटलं, चला, भांडण मिटलेलं दिसतंय, आता येईलच परत.

तेवढ्यात रेगेकाकांचा फोन आला की दुसरा भाग आलाय. मी घरभर नाचले. आणि दुसऱ्याच वाक्याला ते म्हणाले, यंदा तिघांच्या वेळा वेगवेगळ्या. बाबा सकाळी, आई दुपारी, मी शाळा सुटल्यावर. सिनेमा आणणाऱ्या मुंबईच्या कंपनीला प्रत्येकाचा आवाज सुटा हवाय.

माझं डोकंच फिरलं. म्हणून तो रेशनच्या रांगेतला आवाज.

काका शेवटी काचेचं दार ढकलून आत आले आणि स्टुलावर बसले. त्याच स्टुलावर, ज्यावर मी पूर्वी उभी राहायचे.

“काय हवंय तुला? स्पष्ट बोल.”

“तिघांनी एकत्र करायचं.”

“ते होणार नाही, बाळा.”

“कंपनीला सांगा ना, की टाचणी ऐकत नाही म्हणून.”

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. “कंपनीचं एक वेळ बघता येईल. तुझ्या आई-बाबांनीच सांगितलंय वेळा वेगळ्या ठेवायला.”

हे मला माहीत नव्हतं. पण मी हट्टी म्हणजे हट्टी, आईकडून आणि बाबाकडून, दोन्ही वाटांनी आलेला हट्ट तो.

“मग मी नाही करत.”

“मी दुसरी मुलगी आणू शकतो, कळतंय ना?”

“आणा.”

“जुई!”

“आणा ना. तिला सांगा, दोन्हीकडून टोचतंय असं म्हण. बघू कशी म्हणते ती.”

काका गुडघ्यांवर हात टेकून उठले. “बिळाचा प्रसंग यातही आहे. तेवढा एकच तिघांनी मिळून करा. शनिवारी बोलावतो दोघांना. पण एवढ्यावरून भलतीच आशा लावून बसू नकोस.”

“नाही लावत,” मी म्हटलं, आणि ते बाहेर गेल्यावर विमानाचं वाक्य एका दमात असं हरखून म्हटलं की काकांनी काचेपलीकडून दोन्ही हात वर केले.

आशा लावली नव्हती तर काय! शनिवारपर्यंतचे दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. रात्री झोप लागेना. शाळेत बाईंनी उभं केलं तर प्रश्नच ऐकला नव्हता. घरी मी आईची पहिल्या रेकॉर्डिंगच्या वेळची जुनी निळी साडी कपाटातून काढून पलंगावर ठेवली, पिनेसकट. आई म्हणाली, “हे काय? रेकॉर्डिंगला साडी कशाला? उकडतं त्या खोलीत.” आणि कुर्ता घालून निघाली. मी साडी परत घडी करून ठेवली, पण पिन माझ्या फ्रॉकला लावून घेतली. कशासाठी ते मलाही सांगता आलं नसतं.

स्टुडिओ तळघरात होता. मी जिना चढत होते, रस्त्यावर बघत होते, परत उतरत होते. बाबाची स्कूटर आली. त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली, “काय टाचणे, उंच झालीस की!” आईला म्हणाला, “नीला, कशी आहेस?”

“छान. तू?”

“मजेत. तुझा खोकला गेला का?”

“गेला. तू सांगितलेलं औषध घेतलं. थँक्यू.”

थँक्यू! मी आईकडे बघतच राहिले. आमच्या घरात बाबाला कधी कुणी थँक्यू म्हटल्याचं मला आठवत नव्हतं.

आत गेलो तर तीन माइक. एकमेकांपासून चांगले हातभर लांब. मी माझा स्टँड हळूच सरकवून मध्ये आणला, म्हणजे दोघांना माझ्याजवळ यावं लागेल. बाबाने तो उचलून परत होता तिथे ठेवला. “रेगेला सुटे आवाज हवेत ना? मग एकमेकांचे आवाज एकमेकांच्या माइकमध्ये नाही जायचे, राजा.” अगदी समजावून, प्रेमाने सांगितलं त्याने. मला ओरडावंसं वाटलं.

पडदा सुरू झाला. खरं सांगायचं तर तो दुसरा सिनेमा मुळातच बेतास बात होता. पहिल्यात एक बीळ होतं, एक रस्ता होता आणि तीन साळिंदरं होती. दुसऱ्यात विमान, आकाशपाळणा, टोपीवाला चोर, नाचणारे उंदीर, नाही नाही ते सगळं होतं, आणि त्या गडबडीत काटेसाहेब एका शहरात आणि सुईबाई दुसऱ्याच. ती दोघं भेटतात ती थेट शेवटी, या बिळात. मूळ सिनेमात याही वेळी कुणी काही बोलत नव्हतं. पण कंपनीने कळवलं होतं की ते गाजलेलं वाक्य हवंच. लोक त्यासाठीच येणार.

अंधार झाला. डोळे चमकले.

“टोचतंय का गं?” बाबाने विचारलं. तोच आवाज, तेच हेल, तीच खोडी. मी श्वास रोखून आईकडे बघितलं.

आईने कागदाकडे बघितलं नाही. पडद्याकडेही नाही. बाबाकडे बघितलं.

“नाही,” ती म्हणाली. “आता नाही टोचत.”

ते वाक्य कागदावर नव्हतं. सुईबाईचंही नव्हतं. इतक्या साध्या आवाजात बोलली ती, जशी भाजी झाली का विचारल्यावर म्हणते तशी, की क्षणभर मला कळलंच नाही काय झालं. आणि मग कळलं.

बाबा, ज्याने एकदा प्रयोगात मागची भिंत पडली तरी चार वाक्यं घालून वेळ मारून नेली होती, तो बाबा गप्प. पुढचं वाक्य त्याचं होतं. त्याने पाण्याची बाटली उघडली, पाणी प्यायलं, झाकण लावलं.

“माझं चुकलं,” आई म्हणाली. “सॉरी. चुकून गेलं तोंडातून.”

“असू दे, होतं असं,” बाबा म्हणाला.

भांड ना, मी मनात म्हणत होते. अरे, भांड तिच्याशी! वाक्य का बदललंस म्हणून कडाड तिच्यावर. आई, तू तरी चीड. कुणीतरी कुणावर तरी चढून बोला. पण दोघंही इतक्या समजूतदारपणे उभी होती, इतकी एकमेकांना जागा देऊन, की भांडण मिटलेलं नाही, संपलेलं आहे, हे मला तिथे उभ्या उभ्या समजलं. मिटलं असतं तर परत सुरू झालं असतं.

“परत,” काचेपलीकडून रेगेकाका म्हणाले. फार हळू म्हणाले.

परत घेतलं. बाबाने विचारलं, आई म्हणाली, “टोचतंय तर!” बाबा म्हणाला, “मग ठीक. म्हणजे जवळ आहेस.” सगळं अगदी जिथल्या तिथे. मग माझी पाळी. माझ्या डाव्या अंगाला मोकळी हवा, उजव्या अंगाला मोकळी हवा. फ्रॉकची पिन तेवढी मलाच टोचत होती. “आणि मला दोन्हीकडून टोचतंय!” मी म्हटलं. चांगलं म्हटलं. शेवटी मुलगी या दोघांचीच.

“ओके,” काका म्हणाले. ते हसले नाहीत.

वर आल्यावर बाबाने विचारलं, “चहा?”

“नको रे, उशीर होतोय. तू घे.”

“बरं. सावकाश जा.”

झालं. पूर्वी चहा कुठे प्यायचा यावरून यांची अर्धा तास वादावादी चालायची. मी रिक्षात बसले आणि मागच्या काचेतून बाबाकडे बघत राहिले. तो चहाच्या टपरीकडे गेला नाही. स्कूटरपाशीच उभा होता.

सिनेमा लागला मे महिन्यात. पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला तिघं गेलो. मी मध्ये. बाबाने पॉपकॉर्न आणलं ते माझ्या मांडीवर ठेवलं, म्हणजे दोघांचेही हात पोचतील. मला बसवेना. सारखी खुर्चीत मागे-पुढे होत होते, बिळाचा प्रसंग येऊच नये असं वाटत होतं आणि एकदाचा येऊन जावा असंही. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. उंदीर नाचले तेव्हा दोन-चार पोरं हसली. मग अंधार झाला.

“टोचतंय का गं?”

“टोचतंय तर!”

“मग ठीक. म्हणजे जवळ आहेस.”

“आणि मला दोन्हीकडून टोचतंय!”

कुणी हसलं नाही. कुणाच्या तरी पिशवीचा आवाज आला. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी आईकडे वळून मोठ्याने म्हणाली, “मम्मा, हे तेच आहेत का गं?”

“हो, तेच आहेत. गप्प बस.”

“नाही वाटत,” ती म्हणाली.

आईचा हात पॉपकॉर्नमध्ये होता तो तसाच थांबला. बाबाने घसा खाकरला. दोघांपैकी एकानेही माझ्याकडे बघितलं नाही आणि मीही सरळ पडद्याकडे बघत राहिले. टोपीवाला चोर पकडला गेला, गाणं झालं, दिवे लागले. “पहिल्याची सर नाही,” असं म्हणत लोक बाहेर पडत होते. एक गृहस्थ बायकोला समजावत होते, “तेच तेच परत काढलं की असंच होणार.”

थिएटरसमोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. बाबा म्हणाला, रस घेऊ. आई नको म्हणाली नाही, तेव्हाच मी ओळखलं. लाकडी बाकावर मला मध्ये बसवून दोघं दोन बाजूंना बसले. चरकाची घुंगरं वाजत होती. आईने पेल्यातला बर्फ ढवळला, बाबाने तिच्याकडे बघितलं, तिने मान हलवली. तूच सांग, अशी.

“जुई,” बाबाने सुरुवात केली, “मी आणि आई, म्हणजे आम्ही दोघांनी बराच विचार करून...”

“माहितेय मला.”

“काय माहितेय?”

“बाबा घरी येणार नाहीये ते.”

आईने विचारलं, “कधीपासून माहितेय?”

“तू आता नाही टोचत म्हणालीस तेव्हापासून.”

आईचा चेहरा असा झाला की मला वाटलं, उगाच बोलले. तिने पेला खाली ठेवला, पदर चाचपडला. पदर नव्हता, कुर्ता होता. “सिनेमा होईपर्यंत सांगायचं नाही असं ठरवलं होतं गं,” ती म्हणाली. “तुझा आवाज नको बिघडायला म्हणून.” आणि रडायला लागली. रस्त्यावर, चारचौघांत. माझी आई रंगमंचावर हवं तेव्हा रडायची आणि हवं तेव्हा थांबायची. तिथे तिला थांबता येईना. बाबाने खिशातून रुमाल काढला, माझ्या पाठीमागून हात लांब करून तिला दिला, आणि तो हात मग तसाच बाकाच्या पाठीवर राहू दिला. आई माझ्या खांद्यावर टेकली. आम्ही तिघं कितीतरी दिवसांनी एवढे दाटीने बसलो होतो.

बाबाला काय करावं ते सुचेना. आणि सुचेनासं झालं की तो जे करायचा तेच त्याने केलं. काटेसाहेबांचा आवाज काढला. तो आवाज थोडा फाटला.

“काय टाचणे? टोचतंय का गं?”

मी हसून काहीतरी म्हणावं असं दोघांना वाटत होतं, ते मला कळत होतं. चरक थांबला होता. गुऱ्हाळवाला पुढचा ऊस तासत होता.

“दोन्हीकडून,” मी म्हटलं.

या वेळी कुणीच ‘परत’ म्हणालं नाही.